अल्ट्राकपॅसिटर

साध्या धारित्राच्या हजारो-लाखो पट धारिता असलेला विद्युत घटक. सुपरकपॅसिटर, अतिधारित्र ही त्याचीच नावे. विहिरीवरच्या मोटारीचा कंडेन्सर मायक्रोफॅरडमध्ये मोजतात, हा फॅरडमध्ये. यात सच्छिद्र कार्बनाच्या दोन पट्ट्या विद्युत-अपघटनी द्रवात भिजलेल्या असतात. भार कार्बनाच्या पृष्ठभागावर साठतो, रासायनिक बदल जवळपास होत नाही. म्हणून तो काही सेकंदांत भरतो आणि लाखो फेऱ्या टिकतो. पहिले पेटंट जनरल इलेक्ट्रिकच्या बेकर यांना १९५७ मध्ये मिळाले; १९७८ मध्ये जपानच्या एनईसीने तो बाजारात आणला.

बॅटरीची जागा तो घेईल का, याचे उत्तर वॅट-तासांत आहे. ३००० फॅरड, २.७ व्होल्टच्या सेलमध्ये जेमतेम ३ वॅट-तास ऊर्जा मावते आणि त्याचे वजन अर्ध्या किलोच्या आसपास भरते. मोबाइलच्या ५००० मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीत सुमारे १९ वॅट-तास असतात. म्हणजे फोन चालवायला असे सहा-सात सेल, तीन किलोंहून जास्त ओझे! शिवाय भार उतरतो तसा व्होल्टेजही उतरतो, त्यामुळे मध्ये कन्व्हर्टर लागतो. नुसता ठेवला तरी तो काही आठवड्यांत बराच उतरतो. थोडा वेळ, पण वारंवार वीज लागते तिथे मात्र तो सरस: वीज गेल्यावर उपकरणातले घड्याळ व स्मृती जपणे, कॅमेऱ्याचा फ्लॅश, पवनचक्कीची पाती वळवण्याची आपत्कालीन वीज.

उष्णता याचेही आयुष्य खाते. तापमान १० अंशांनी वाढले की आयुष्य साधारण निम्मे होते, असा ठोकताळा आहे. जळगाव जिल्ह्यातल्या नशिराबाद-भुसावळ पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. तिथे पत्र्याच्या पेटीतल्या उपकरणासाठी सेल निवडताना हा हिशेब धरावाच लागतो.

महाराष्ट्रात कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात चंद्रकांत लोखंडे यांच्या गटाने धातू-ऑक्साइडच्या पातळ थरांवर दीर्घकाळ काम केले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सतीश ओगले यांच्या गटाने कडुनिंबाच्या वाळक्या पानांपासून कार्बन बनवून ग्रॅममागे ४०० फॅरड धारिता नोंदवली (२०१३). केळी पिकवणाऱ्या जळगावकरांचे कान टवकारतील असा एक प्रयोग २००७ मध्ये परदेशात प्रसिद्ध झाला: केळीच्या तंतूंपासूनचा कार्बन, ग्रॅममागे ७४ फॅरड. एकात आम्ल, दुसऱ्यात क्षार-द्रावण असल्याने या आकड्यांची थेट तुलना करू नये. बाजारातल्या सेलांमध्ये अजून मुख्यत्वे नारळाच्या करवंटीचाच कार्बन असतो.