मार्च १९४६ : एका आठवड्यात जन्मलेली पिढी

१/ दुसरे महायुद्ध संपून वर्षही उलटले नव्हते. ब्रिटनमध्ये अन्नधान्य अजून शिधापत्रिकेवरच मिळत होते. अशा काळात मार्च १९४६ मधील एका आठवड्यात जन्मलेल्या बाळांच्या घरी आरोग्यसेविका प्रश्नावली घेऊन गेल्या. १३,६८७ मातांच्या मुलाखती झाल्या.

२/ यामागे घटत्या जन्मदराची चिंता होती. बाळंतपणाला खर्च किती आला, वेदना कमी करण्याची सोय होती का, असे प्रश्न विचारले गेले. सर्वांना मोफत उपचार देणारी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू होण्यास अद्याप दोन वर्षे होती.

३/ ही पाहणी एकदाच व्हायची होती. परंतु तिचे प्रमुख डॉ. जेम्स डग्लस यांनी ५,३६२ बाळांचा पुढेही मागोवा घेण्याचे ठरवले. अडचण पैशांची होती. अशा संशोधनाचे फळ अनेक दशकांनी मिळते. अनुदान मात्र थोड्या वर्षांपुरतेच मंजूर होते. १९६२ मध्ये वैद्यकीय संशोधन परिषदेने स्वतंत्र केंद्र दिले, तेव्हा या कामाला स्थैर्य आले.

४/ १९६४ मध्ये डग्लस यांनी दाखवून दिले की बुद्धी सारखी असूनही कामगारांची मुले चांगल्या माध्यमिक शाळांच्या प्रवेशात मागे पडत होती.

५/ हीच मुले छत्तिशीत पोहोचली, तेव्हा जन्मतः कमी वजन असलेल्यांचा रक्तदाब तुलनेने अधिक आढळला. १९४६ मध्ये वजन नोंदवणाऱ्यांच्या मनात हा प्रश्नही नव्हता. सत्तरीच्या सुमारास यांपैकी सुमारे ५०० जणांच्या मेंदूची तपासणी झाली.

६/ १९५८ आणि १९७० मध्येही असे अभ्यास सुरू झाले. त्यानंतर थेट २००० साल उजाडले. मधल्या तीस वर्षांत जन्मलेल्या बाळांचा, जन्मापासून मागोवा घेणारा नवा राष्ट्रीय अभ्यास ब्रिटनमध्ये उभा राहिला नाही. २०१५ मध्ये ८०,००० बाळांचा संकल्प सोडलेला नवा अभ्यास नोंदणी अत्यल्प झाल्याने त्याच वर्षी बंद करण्यात आला.

७/ राहिलेला रस्ता पुढच्या वर्षी बांधता येतो. बाळाच्या जन्माच्या वेळची नोंद मात्र वीस वर्षांनी निधी मिळाला तरी करता येत नाही. डग्लस यांनी १९४६ चे कागद सांभाळले, म्हणूनच त्या पिढीच्या वार्धक्याचा अर्थ तिच्या पाळण्यापर्यंत जाऊन शोधता आला.