अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष

अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष हा महाविद्यालयातील अध्यापन, अध्ययन व मूल्यमापन यांच्या नियोजनाला दिशा देणारा, त्यांवर देखरेख ठेवणारा आणि त्यांच्या नोंदी जतन करणारा विभाग होय. बोलण्यात तो 'आयक्यूएसी' या आद्याक्षरी नावानेच ओळखला जातो. मोठ्या विद्यापीठांत शैक्षणिक व्यवहारांसाठी स्वतंत्र कार्यालय व अधिष्ठाता असतात. महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत सहसा असे कार्यालय नसते. तेथे हे काम प्राचार्य, उपप्राचार्य, विभागप्रमुख, वेळापत्रक समिती आणि परीक्षा विभाग यांच्यात वाटलेले असते व या सर्वांना एकत्र जोडण्याची जबाबदारी कक्षावर येते. प्रस्तुत लेखात सोलापूर जिल्ह्यातील, विशेषतः टेंभुर्णीसारख्या निमशहरी व ग्रामीण परिसरातील महाविद्यालयांच्या संदर्भात या व्यवस्थेचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी

महाविद्यालयांच्या गुणवत्तेचे बाहेरून मूल्यांकन करण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने 1994 साली राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषद (नॅक) स्थापन केली. परिषदेचे मुख्यालय बंगळूर येथे आहे. बाहेरून येणारी समिती दोन-तीन दिवसांत परत जात असे. गुणवत्तेचे काम मात्र वर्षभर चालावे लागते. ते संस्थेच्या आतूनच व्हावे म्हणून परिषदेने प्रत्येक महाविद्यालयात असा कक्ष असण्याचा आग्रह धरला. पुढे अकराव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात आयोगाने कक्ष स्थापन करण्यासाठी अर्थसाहाय्यही दिले.

सोलापूर जिल्ह्यातील महाविद्यालयांचे विद्यापीठ अनेकदा बदलले आहे. सोलापूरचे दयानंद महाविद्यालय 1940 साली सुरू झाले, तेव्हा जिल्हा मुंबई विद्यापीठाच्या कक्षेत होता. 1949 नंतर तो पुणे विद्यापीठाकडे आणि 1962 मध्ये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाकडे गेला. 1 ऑगस्ट 2004 रोजी केवळ सोलापूर जिल्ह्यासाठी स्वतंत्र विद्यापीठ अस्तित्वात आले. 2019 मध्ये त्याचे नामकरण पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ असे झाले. एकाच जिल्ह्यापुरते विद्यापीठ झाल्यामुळे अभ्यास मंडळे व परीक्षा विभाग माढा, करमाळा, पंढरपूर या तालुक्यांतील प्राध्यापकांच्या आवाक्यात आले.

रचना

प्राचार्य हे कक्षाचे पदसिद्ध अध्यक्ष असतात आणि एक ज्येष्ठ प्राध्यापक समन्वयक म्हणून काम पाहतो. काही शिक्षक, व्यवस्थापनाचा प्रतिनिधी व प्रशासकीय कर्मचारी यांच्याबरोबर स्थानिक समाज, विद्यार्थी, माजी विद्यार्थी आणि उद्योजक यांचे प्रतिनिधीही त्यात असतात. दर तिमाहीत निदान एक बैठक अपेक्षित आहे.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 मधील कलम 97 नुसार प्रत्येक संलग्न महाविद्यालयात महाविद्यालय विकास समिती असते. पूर्वीच्या स्थानिक व्यवस्थापन समितीची जागा तिने घेतली. कक्षाचा समन्वयक या समितीचा सदस्य असल्याने वर्गातील अडचण पैशाचे निर्णय घेणाऱ्या मंडळींपुढे मांडण्याचा कायदेशीर मार्ग उपलब्ध झाला आहे. या मार्गाचा उपयोग होतो की नाही, हे बरेचसे समन्वयकाच्या आग्रहावर ठरते.

कामकाज

विद्यापीठाच्या वेळापत्रकाला धरून महाविद्यालय आपली शैक्षणिक दिनदर्शिका तयार करते. सत्रारंभ, चाचण्या, सहली, स्नेहसंमेलन, परीक्षा हे सारे तीत मांडलेले असते. त्यावरून प्रत्येक प्राध्यापक आपले अध्यापन नियोजन लिहितो व शिकवलेल्या भागाची दैनंदिनी ठेवतो. आयोगाच्या 2018 च्या विनियमांनुसार सहायक प्राध्यापकाने आठवड्याला 16 तास आणि सहयोगी प्राध्यापक व प्राध्यापक यांनी 14 तास प्रत्यक्ष अध्यापन करावयाचे असते.

या साऱ्या कामात वेळापत्रक हा वरकरणी किरकोळ वाटणारा, पण ग्रामीण महाविद्यालयात सर्वाधिक परिणाम करणारा भाग आहे. टेंभुर्णी हे माढा तालुक्यातील गाव पुणे-सोलापूर राष्ट्रीय महामार्गावर वसले असून तेथून पंढरपूर, करमाळा व कुर्डुवाडीकडे रस्ते फुटतात. अशा ठिकाणी वाड्यावस्त्यांवरून येणाऱ्या विद्यार्थ्यांची उपस्थिती एसटीच्या वेळांवर अवलंबून असते. पहिला तास गाडी येण्यापूर्वी ठेवला किंवा प्रात्यक्षिक शेवटची गाडी सुटल्यानंतर संपले, तर त्या विषयाची हजेरी घटते आणि त्याचा पहिला फटका मुलींना बसतो. उजनी धरणामुळे हा पट्टा उसाचा झाला आहे. गळीत हंगाम आणि पहिल्या सत्राची अखेर साधारण एकाच काळात येतात, त्यामुळे घरच्या शेतीत राबणाऱ्या मुलांचे तास बुडतात. हजेरीपत्रक नुसते भरून ठेवण्याऐवजी महिन्याच्या महिन्याला वाचले गेले, तर गैरहजेरीची अशी कारणे परीक्षेपूर्वीच लक्षात येतात. पंचाहत्तर टक्के उपस्थितीची अट सत्राच्या शेवटी आठवून उपयोग नसतो.

अंतर्गत चाचण्यांतून मागे पडलेले विद्यार्थी हेरून त्यांच्यासाठी उपचारात्मक वर्ग घेणे, विद्यार्थ्यांच्या लहान गटासाठी पालक-शिक्षक नेमणे, निकालाचे विषयवार विश्लेषण करणे आणि विद्यार्थ्यांचे अभिप्राय मागवणे ही कक्षाची इतर कामे होत. अभिप्राय मागवण्याइतकेच त्यावर काय केले हे कळवणेही अपेक्षित आहे. प्रत्यक्षात हा दुसरा भाग राहून जातो.

नॅक मूल्यांकनातील स्थान

परिषदेच्या पद्धतीत अभ्यासक्रम, अध्यापन-अध्ययन व मूल्यमापन, संशोधन व विस्तार, पायाभूत सुविधा, विद्यार्थी साहाय्य, प्रशासन व नेतृत्व आणि संस्थात्मक मूल्ये असे सात निकष होते. संलग्न महाविद्यालयांसाठी एकूण 1000 गुणांपैकी 350 गुण एकट्या अध्यापन-अध्ययनाच्या निकषाला दिले गेले. महाविद्यालय स्वयंअध्ययन अहवाल सादर करत असे, त्यातील आकडेवारीची पडताळणी होत असे आणि नंतर तज्ज्ञ समिती भेट देत असे. प्रत्यायनानंतर कक्षाला दरवर्षी वार्षिक गुणवत्ता हमी अहवाल पाठवावा लागतो. 2017 च्या सुधारणेपासून आकडेवारीवर आधारित निर्देशांकांचे प्रमाण वाढले व विद्यार्थ्यांकडून थेट समाधान सर्वेक्षण घेण्यास सुरुवात झाली. 2024 च्या जानेवारीत परिषदेने श्रेणींऐवजी 'प्रत्यायित' किंवा 'अप्रत्यायित' एवढाच निर्णय देणारी पद्धत आणण्याचे जाहीर केले.

श्रेयांक पद्धती

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, 2020 ची अंमलबजावणी महाराष्ट्रातील स्वायत्त महाविद्यालयांत 2023-24 पासून आणि संलग्न महाविद्यालयांत 2024-25 पासून सुरू झाली. राज्याच्या आराखड्यात पदवीच्या प्रत्येक सत्राला 22 श्रेयांक आहेत. एक श्रेयांक म्हणजे साधारणपणे 15 तासांचे व्याख्यान किंवा 30 तासांचे प्रात्यक्षिक. मुख्य विषय, उपविषय, खुला ऐच्छिक विषय, कौशल्य अभ्यासक्रम, भारतीय ज्ञान प्रणाली, क्षेत्रप्रकल्प अशा गटांतून विद्यार्थ्याने निवड करावयाची असते. शहरातील मोठ्या महाविद्यालयात ही निवड खरी ठरते. जेथे एका विषयाला एकच शिक्षक आहे, तेथे वेळापत्रकात जो विषय बसेल तोच विद्यार्थ्याचा ऐच्छिक विषय होतो.

मर्यादा

अनुदानित महाविद्यालयांतील रिक्त पदांमुळे बरेच अध्यापन तासिका तत्त्वावरील शिक्षकांकडून होते. त्यांचे मानधन घेतलेल्या तासांवर ठरते. विद्यार्थ्यांना मार्गदर्शन, निकालाचे विश्लेषण किंवा अहवाललेखन यांसाठी ते मोजले जात नाही, आणि पुढील वर्षी तीच व्यक्ती असेल याचीही शाश्वती नसते. परिणामी कक्षाचा भार मोजक्या कायम प्राध्यापकांवर पडतो. समन्वयकाला स्वतःच्या तासांतून सवलत मिळतेच असे नाही. मूल्यांकनाच्या वर्षी छायाचित्रे, उपस्थितिपत्रके व प्रमाणपत्रे जमवण्यातच मनुष्यबळ खर्ची पडते आणि ज्या अध्यापनाचा पुरावा गोळा करावयाचा, त्याचेच तास कमी होतात, अशी तक्रार प्राध्यापकांकडून केली जाते. ज्या महाविद्यालयांत नोंदी त्या-त्या महिन्यात पूर्ण केल्या जातात, तेथे ही धावपळ बरीच कमी असते.