वालचंदशेठ आणि प्लिमथ

सोलापुरात वालचंद हे नाव कॉलेजमुळे सगळ्यांच्या तोंडी आहे. पण १८८२ साली इथेच जन्मलेल्या या शेठजींनी अमेरिकन मोटारी कुर्ल्यात आणल्या, हे नव्या मुलांना सांगावे लागते.

वॉल्टर क्रायस्लर यांनी १९२८ मध्ये फोर्ड आणि शेवरोलेशी टक्कर द्यायला प्लिमथ ही स्वस्त मोटार काढली. पुढच्याच वर्षी मंदी आली. लोक महाग मोटार घेईनात, पण प्लिमथ मात्र अमेरिकेत खपात तिसऱ्या क्रमांकावर जाऊन बसली.

वालचंदशेठनी आधी फोर्डशी बोलणी केली होती. ती फिसकटल्यावर क्रायस्लरशी जमले. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी राहिली आणि १९४७ पासून कुर्ल्यात मोटारी जोडल्या जाऊ लागल्या. परकीय राजवटीत मोटारीचा कारखाना काढायचा म्हणजे केवढी छाती लागली असेल! पुढे गंमत अशी की एकच गाडी डॉज, डिसोटो आणि प्लिमथ अशा तीन नावांनी विकली जाई. नाकावरची जाळी आणि बिल्ला तेवढा वेगळा. १९५३ मध्ये शेठजी गेले, आणि पुढे कुर्ल्याची ओळख झाली ती लहानशा फियाटमुळे. मोठ्या गाडीचे पेट्रोल आपल्याकडे किती जणांना परवडणार?

अमेरिकेत डिसोटो १९६० मध्ये बंद झाली. प्लिमथलाही हळूहळू स्वतःचे असे काही उरले नाही. बहुतेक गाड्या डॉजच्याच, बिल्ला फक्त दुसरा. मग गिऱ्हाइकाने प्लिमथच का मागावी? २००१ मध्ये शेवटची प्लिमथ निघाली, ती निऑन. तीच निऑन डॉजच्या नावाने पुढेही विकली जात राहिली.