ज्वारीचा विमा: सेवाग्रामची एक जुनी गोष्ट

मागच्या लेखात मी 'विम्यासाठी पैसे मोजायची तयारी' हा शब्दप्रयोग वापरला होता. संशोधनात हे मोजायची एक ठरलेली पद्धत आहे. घरोघरी जाऊन विचारायचं, वर्षाला अमुक रुपये भराल का? हो म्हटलं की आकडा वाढवायचा, नाही म्हटलं की उतरवायचा. बुर्किना फासोमधल्या नूना भागात असं विचारून झालं, २००४ मध्ये योजनाही सुरू झाली, आणि सुरुवातीच्या वर्षांत प्रत्यक्ष सामील झाले ते फार थोडे. तोंडी 'हो' आणि खिशातला 'हो' यांत अंतर असतंच.

पण त्यासाठी आफ्रिकेत कशाला जायचं? आपल्या वरूडहून वर्धा नदी ओलांडली की पलीकडे वर्धा जिल्हा लागतो. तिथल्या सेवाग्रामला, डॉ. सुशीला नय्यर यांनी उभ्या केलेल्या कस्तुरबा रुग्णालयाने, म्हणजे १९६९ साली सुरू झालेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेने, १९८० च्या आसपास खेड्यांत एक योजना रुजवली. डॉ. उल्हास जाजू यांचं नाव तिच्याशी जोडलेलं आहे. हप्ता रुपयांत नव्हता, ज्वारीत होता. सुगी झाली की गावात ज्वारी गोळा व्हायची. जमीन जास्त त्याची ज्वारी जास्त, भूमिहीनाची कमी. गावातल्या आरोग्यसेवकाकडे प्राथमिक उपचार मिळायचे. अचानक आलेल्या आजारात दवाखान्याचा खर्च माफ, आणि मोतीबिंदू, हर्निया अशा आधी ठाऊक असलेल्या कामांसाठी काही वाटा रोग्याने द्यायचा.

आता बघा, यातली कुठली गोष्ट लोकांना नवी होती? हा माझा अंदाज आहे, पण मला तरी वाटतं, जवळजवळ कुठलीच नाही. लोहार, सुतार, न्हावी यांना खळ्यावरच बलुतं दिलं जायचं. वर्षभरात वखर किती वेळा मोडला याचा हिशोब कोणी घालत नसे. काम पडो न पडो, धान्य द्यायचं आणि गरज पडली की हक्काने जायचं. विमा याहून वेगळा काय असतो? (बलुत्यात जातीची उतरंडही होती, ती विसरून त्याचं कौतुक करता येत नाही.)

दुसरी अट जास्त कडक होती. गावातली साधारण तीन-चतुर्थांश घरं आली, तरच गाव योजनेत. यामागे विम्याचं जुनं दुखणं आहे: ज्याला दुखतं तोच हप्ता भरतो, धडधाकट माणूस म्हणतो, "काहून भरावं बुवा?" मग खर्च वाढतो, हप्ता वाढतो आणि उरलेलेही गळतात. अटीमुळे हा प्रश्न एकेका घराचा न राहता ग्रामसभेचा झाला. शेजाऱ्याला समजवायचं काम शेजाऱ्यावर आलं.

पुढे विदर्भात ज्वारीचा पेरा घटला, सोयाबीन आलं. घरात ज्वारीच नाही तर पायली कशी मोजणार? सरकारही आलं. राजीव गांधी जीवनदायी योजना जुलै २०१२ मध्ये पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात अमरावती होता. तेव्हा कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे, यादीतले उपचार मिळायचे. हप्ता सरकार भरणार, त्यामुळे तयारी विचारायचा प्रश्नच मिटला. पण ते भरती होऊन करायच्या उपचारांचं. तापासाठी, खोकल्यासाठी गावातल्या डॉक्टरला द्यायचे पैसे आजही खिशातूनच जातात.

म्हणून वरूडसाठी प्रश्नावली लिहिताना मी आधी 'किती भराल' हा प्रश्न मागे सरकवला आणि 'कधी भराल' हा पुढे आणला. इथे आंबिया बहाराची संत्री दिवाळीच्या आगेमागे निघतात, मृगाची फेब्रुवारी-मार्चमध्ये. बागाईतदाराकडे तेव्हा पैसा असतो, तोडणीच्या मजुराकडेही तेव्हाच. जूनमध्ये, बी-बियाणं आणि खताच्या दिवसांत, कोणाच्याही दारात जाऊन हप्त्याचं विचारलं, तर येणारं 'नाही' हे विम्याला आहे की महिन्याला, हे मला कळणार नाही. पहिली फेरी म्हणून नोव्हेंबरला ठेवली आहे, दुसरी मार्चला.