मरणघरचे भजन : नगरच्या ख्रिस्ती विलापाची कुळकथा

नेवासे, राहुरी, श्रीरामपूर, शेवगाव या पट्ट्यातल्या ख्रिस्ती वस्तीत कुणी अचानक गेले, की पहिला प्रश्न येतो, 'माती कधी आहे?' मोटारसायकलवरून घरी निघालेला तरुण ट्रकखाली सापडतो, कर्ता पुरुष छातीत कळ येऊन बसल्या जागी जातो. नातेवाईक मुंबई-पुण्याहून निघालेले असतात, म्हणून माती दुसऱ्या दिवसावर जाते. मधली रात्र काढायची कशी? ती काढायला भजनी मंडळी येतात. अंगणात सतरंजी पडते, पेटी, ढोलकी आणि टाळ निघतात. 'उपासना संगीत' हे ख्रिस्ती गीतांचे पुस्तक कुणाच्या तरी मांडीवर असते, पण जुन्या माणसांना ते उघडावे लागत नाही.

या गाण्याची रीत जवळून पाहण्यासारखी आहे. पुढचा गडी कडवे म्हणतो, बाकीचे ध्रुपद उचलतात. मधेच आतून आईचा हंबरडा ऐकू येतो. भजन थांबत नाही, फक्त ढोलकी हलकी होते आणि तेच ध्रुपद आणखी दोनदा फिरते. आकांत ओसरला की पुढचे कडवे सुरू होते. थोड्या वेळाने तीच आई उंबऱ्याशी येऊन बसते आणि कधीतरी तिचे ओठ ध्रुपदावर हलू लागतात. तिला गा असे कुणी सांगत नाही, रडू नको असेही कुणी म्हणत नाही.

ही रीत परदेशातून आली नाही आणि पंढरीच्या वाटेवरून जशीच्या तशी उचललेलीही नाही. ती नगर जिल्ह्यात घडली. तिचे कूळ शोधत गेले तर वाट थडग्यांपाशी पोचते.

अमेरिकन मराठी मिशनचे काम मुंबईत 1813 पासून चालू होते. डिसेंबर 1831 मध्ये ग्रेव्ह्ज, हर्वे आणि रीड हे तीन मिशनरी नगरला आले. त्यांच्यातले विल्यम हर्वे पुढच्याच वर्षी पटकीने गेले. 1833 मध्ये नगरची पहिली मंडळी स्थापन झाली. तिचे आधारस्तंभ होते बाबाजी रघुनाथ, ब्राह्मण घरातून ख्रिस्ती झालेले. त्याच वर्षी तेही पटकीनेच गेले. हॉलिस रीड यांनी त्यांचे चरित्र लिहिले, ते 1836 मध्ये प्रसिद्ध झाले. सकाळी धडधाकट असलेला माणूस रात्री नाही, असा तो आजार. नगरच्या मंडळीने आनंदाची गाणी शिकण्याआधी दफन शिकले.

धर्म सोडणाऱ्याच्या हातून मरणाचे विधीही सुटतात. कावळा, पिंड, दहावे, तेरावे, दिवस घालणे हे सारे एका दिवसात मागे पडते. श्रद्धा बदलली तरी शोक बदलत नाही. हातांना काहीतरी करायचे असते, तोंडाला काहीतरी म्हणायचे असते. मिशनच्या प्रॉटेस्टंट पंथाने मृतांसाठी करायच्या विधींना जागा ठेवली नव्हती. वचन वाचावे, प्रार्थना करावी, मूठभर माती द्यावी, एवढेच. पुनरुत्थानाची आशा मोठी होती, पण मरण आणि माती यांच्यामधली रात्र मोकळीच होती. पुढे ती भजनाने भरली.

आधी मात्र मिशनरींनी आपली गीते आणली. हेन्री बॅलेंटाइन यांनी नगरला मराठी गीतांचे मोठे काम केले. 'ज्ञानोदय' हे नियतकालिक 1842 मध्ये नगरहूनच निघू लागले. पण सुरुवातीची बरीच गीते इंग्रजी वृत्तांत आणि इंग्रजी चालींत होती. मराठी शब्द त्या चालींत ओढूनताणून बसवलेले असत, आणि ओवीवर वाढलेल्या गळ्याला ते स्वर परके होते. मंडळी ती गीते देवळात म्हणत. मयताच्या अंगणात, जिथे गळा आपोआप फुटतो, तिथे ती पुरी पडत नसत.

आणि ओवी काही दूर नव्हती. नगर जिल्हा ही ज्ञानेश्वरीच्या ओवीची जन्मभूमी. शके 1212 मध्ये ज्ञानेश्वरी नेवाशाला सांगितली गेली. त्याच नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याला मिशनचे मोठे ठाणे झाले आणि मिशनरी सॅम्युएल फेअरबँक तिथे वर्षानुवर्षे राहिले. 'भक्तविजय'कार महिपती राहुरी तालुक्यातल्या ताहराबादचे. त्यांच्या संतचरित्रांचे इंग्रजी भाषांतर करणारे जस्टिन अ‍ॅबट याच अमेरिकन मराठी मिशनचे. शिवाय जिल्ह्यातले बहुसंख्य नवख्रिस्ती महार समाजातून आलेले. एकतारीवरचे भजन त्यांच्या घरात पिढीजात होते, आणि संत चोखोबा त्यांच्या घरचा होता.

चोखोबाचे मरण म्हणजे अपघात. मंगळवेढ्याला गावकुसाच्या वेठीच्या कामावर भिंत कोसळली आणि तो मजुरांबरोबर गाडला गेला. परंपरा सांगते की नामदेव तिथे गेले, ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आले ती चोखोबाची म्हणून ओळखली आणि पंढरपूरला महाद्वाराशी त्यांची समाधी बांधली. हेच नामदेव ज्ञानदेवांच्या समाधीच्या अभंगांत मोकळेपणी रडले आहेत. देवावर पूर्ण भार टाकलेला भक्त धाय मोकलून रडतो आणि त्याने त्याची भक्ती उणी होत नाही, हे या मातीला ख्रिस्ती उपदेशक येण्याच्या पाचशे वर्षे आधीपासून ठाऊक होते.

बायबलही हेच सांगते. लाजराला आपण उठवणार हे येशूला माहीत होते, तरी त्याच्या कबरेकडे जाताना तो रडला. स्तोत्रसंहितेतली कितीतरी स्तोत्रे देवापुढे मांडलेली गाऱ्हाणी आहेत. जुन्या करारात 'विलापगीत' नावाचे स्वतंत्र पुस्तकच आहे. ईयोबाची मुले एका दिवसात वादळाने घर कोसळून गेली. त्याचे मित्र आले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. तोवर त्यांचे सारे बरोबर होते. तोंड उघडून त्यांनी मरणाची कारणे सांगायला सुरुवात केली तेव्हा बिघडले.

हे दोन प्रवाह एकत्र आले ते कीर्तनात. 1860 च्या दशकात नगरच्या ख्रिस्ती मंडळींत कीर्तनाची प्रथा रुजू लागली. तिचा मोठा कर्ता कृष्णराव रत्नाजी सांगळे. पूर्वरंग, उत्तररंग, पद, आख्यान ही सारी चौकट जुनी, कथा मात्र बायबलची. सांगळ्यांची पदे आजही 'उपासना संगीत'मध्ये आहेत. कीर्तनातून सुटी झालेली पदे भजनी मंडळांत गेली आणि तिथून घराघरांत. अक्षर न येणारी माणसेही ती ऐकून पाठ करीत. पुस्तकाविना आणि दिव्याविना गाता येणारे गाणेच मयताच्या रात्री कामाला येते, म्हणून ही पदे मरणघरापर्यंत पोचली आणि टिकली.

मग मरणाचा सुकाळ आला. 1896 मध्ये मुंबईत प्लेग उतरला आणि पुढे दख्खनभर पसरला. 1899-1900 चा छप्पन्नाचा दुष्काळ नगर जिल्ह्याला भाजून गेला. पोरकी मुले मिशनच्या आश्रयाला आली. मिशनरी डॉ. रॉबर्ट ह्यूम यांनी दुष्काळनिवारणाचे मोठे काम उभारले. याच ह्यूमसाहेबांच्या सहवासात नगरला एक कवी राहत होता, नारायण वामन टिळक.

टिळकांचा बाप्तिस्मा 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईला झाला, पण त्यानंतरची कर्मभूमी मुख्यतः नगर. शोक त्यांना आधीच भेटला होता. विद्यानंद हा लहानगा मुलगा दगावला, त्याच्यावर त्यांनी 'बापाचे अश्रू' ही दीर्घ कविता लिहिली. बापाने रडू दाखवू नये अशा काळात एका बापाने आपले रडणे नावासकट छापले. पुढे ख्रिस्ती झाल्यावर त्यांनी ते अश्रू पुसून टाकले नाहीत, ते अभंगात आणले. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. त्यांनी ख्रिस्ताला आई म्हटले, सखा म्हटले, गुरू म्हटले. 'उपासना संगीत'मध्ये त्यांची शंभराहून अधिक गीते आहेत, आणि नगरकडच्या मयताच्या रात्री त्यांतले एकही झाले नाही असे सहसा होत नाही. आई गेलेल्या मुलाला देवाला आई म्हणून हाक मारायची सोय या माणसाने करून ठेवली.

लक्ष्मीबाई टिळकांचा वाटा त्याहून कमी नाही. नवऱ्याच्या धर्मांतराने त्यांच्यावर जिवंतपणीच वियोग कोसळला, आणि काही वर्षांनी, 1900 मध्ये, त्या स्वतः ख्रिस्ती झाल्या. नगरच्या प्लेगच्या छावणीत त्यांनी रुग्णांची शुश्रूषा केली. टिळक 9 मे 1919 रोजी गेले. 'ख्रिस्तायन' हे त्यांचे ओवीबद्ध महाकाव्य जेमतेम दहा-अकरा अध्यायांवर अडले होते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी त्याला चौसष्ट अध्याय जोडले. त्या 1936 मध्ये गेल्या तेव्हा शेवटचा अध्याय उरला होता. तो मुलगा देवदत्त यांनी लिहिला आणि ग्रंथ 1938 मध्ये निघाला. एका घरातल्या दोन मरणांनी दोनदा थांबवलेले हे काव्य मागे राहिलेल्याने दोन्ही वेळा पुढे नेले. मरणघरच्या भजनातही हेच होते. एकाचा आवाज दाटला की शेजारचा ओळ उचलतो.

कॅथलिक वस्त्यांत रीत थोडी निराळी आहे. तिथे मृतांसाठी प्रार्थना आहे, रोझरीची माळ आहे, मिस्सा आहे. 2 नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, कबरींवर फुले आणि मेणबत्त्या लागतात आणि घरचे लोक तिथे थांबून नावे घेतात. पण मातीच्या आदल्या रात्री तिथेही मराठी भजन होते, आणि पुष्कळदा दोन्ही पंथांचे गाणारे एकाच सतरंजीवर बसतात.

या कुळकथेतून मला एक गोष्ट पक्की कळते. नगरच्या ख्रिस्ती माणसाला आशा बायबलातून मिळाली, पण रडायची भाषा ओवी-अभंगाने दिली. दोन्ही हवीत. नुसती आशा ऐकवली तर शोकाकुल माणूस एकटा पडतो. 'देवाची इच्छा', 'त्याला तिकडे गरज होती', 'धीर धरा' ही वाक्ये ईयोबाच्या मित्रांची आहेत. ती बोलणाऱ्याला सोपी जातात आणि ऐकणाऱ्याला टोचतात. ज्याचा तरणा मुलगा सकाळी घरून निघाला आणि परत आला नाही, त्या बापाला कारण नको असते. रात्रभर कुणीतरी बसायला हवे असते. भजन ते बसणे शक्य करते, कारण गाणाऱ्याला काही समजावून सांगावे लागत नाही.

आज ही रीत पातळ होते आहे. शीतपेटी भाड्याने मिळते, स्पीकरवर मोबाइलमधली गाणी लागतात, तरुण मुलांना नव्या चालींची उपासनागीते येतात, पण जुने ध्रुपद उचलता येत नाही. नव्या गाण्यांना माझी हरकत नाही, ती आनंदाच्या वेळी खुशाल गावीत. पण मंडळीत अजून सत्तर-ऐंशीचे भजनी आहेत, त्यांच्याजवळ चाली आहेत, आणि त्या पुस्तकात छापलेल्या नाहीत. त्यांना बोलवा, बसवा, त्यांच्या चाली ध्वनिमुद्रित करून ठेवा, आणि मुलांना महिन्यातून एक संध्याकाळ त्यांच्याजवळ पाठवा. आणि शेजारी कुणाचे घर एकाएकी रिकामे झाले, तर उपदेश घरी ठेवून टाळ घेऊन जा.