भुलावणीची बदके, लाकडी

रानबदकांचा थवा बंदुकीच्या टप्प्यात उतरावा म्हणून पाण्यावर तरंगत ठेवायच्या रंगीत प्रतिकृती. उत्तर अमेरिकेतील लोककला. नेव्हाडातील लव्हलॉक गुहेत १९२४ मध्ये मिळालेली पाणगवताची बदके सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची आहेत. लाकडी बदकासाठी सीडर किंवा पाइन घेतात. धड पुष्कळदा आतून पोकळ करतात, डोके निराळे कोरून बसवतात आणि लाटेत बदक कलंडू नये म्हणून तळाला शिसे ठोकतात. खरी कसोटी मानेच्या वळणाची. तिथे बदक निवांत दिसले पाहिजे. १९१८ च्या स्थलांतरित पक्षी कायद्याने बाजारासाठीची शिकार बंद पडली आणि या प्रतिकृतींचे संग्राहक पुढे आले. पिसांच्या रंगछटांत मॅसॅच्युसेट्सचे एल्मर क्रॉवेल (१८६२–१९५२) अजोड होत. २००७ मध्ये त्यांच्या दोन प्रतिकृती प्रत्येकी अकरा लाख डॉलरांहून अधिक किमतीला विकल्या गेल्या.