भिंतीवरून गेले ते वाचले: कार्लटन वॉटकिन्सची गोष्ट

आजचा भाग निसर्गाच्या फोटोंबद्दल आहे. ते काढायचे कसे हा आजचा विषय नाही, त्यावर यूट्यूबवर ढिगाने व्हिडिओ आहेत. आपण बोलणार आहोत ते लावायचे कुठे, याबद्दल.

अमेरिकेतल्या बऱ्याच शहरांत 'आर्ट वॉक' नावाचा प्रकार असतो. महिन्यातली एक संध्याकाळ ठरलेली. त्या दिवशी डाउनटाउनमधल्या, म्हणजे शहराच्या जुन्या बाजारपेठेतल्या गॅलऱ्या उशिरापर्यंत उघड्या राहतात, कॅफेच्या आणि दुकानांच्या भिंतींवरही चित्रं-फोटो लागतात. तिकीट नसतं. लोक जेवायला निघालेले असतात, जाता जाता आत डोकावतात. सिएटलच्या पायोनियर स्क्वेअरमध्ये हे १९८१ पासून दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी चालतं.

बे एरिया आणि सिएटलकडे राहणारे आपले काही श्रोते डोंगरदऱ्यांचे छान फोटो काढतात. त्यातल्या कुणी अशा भिंतीवर प्रिंट लावायचं म्हटलं, की एक प्रश्न हमखास येतो. इन्स्टाग्रामवर टाकला तर हजारो लोक बघतील, मग शंभर-दोनशे माणसांसाठी प्रिंट आणि फ्रेमचा खर्च कशाला? या प्रश्नाचं मला पटलेलं उत्तर दीडशे वर्षांपूर्वीच्या सॅन फ्रान्सिस्कोत सापडतं.

कार्लटन वॉटकिन्स. जन्म १८२९, न्यूयॉर्क राज्यातल्या वनिऑन्टा गावचा. १८५१ मध्ये, सोन्याच्या शोधात सगळी दुनिया कॅलिफोर्नियाकडे धावत होती तेव्हा हाही गेला. सोनं काही मिळालं नाही, पण फोटोग्राफी हाताला लागली.

१८६१ च्या उन्हाळ्यात तो योसेमिटीच्या दरीत गेला. तिथे गाडीरस्ता पोचायला अजून तेरा वर्षं होती, त्यामुळे सगळं सामान खेचरांच्या पाठीवर. आणि सामान तरी केवढं! त्या काळी छोट्या निगेटिव्हवरून मोठी प्रिंट काढायची सोय जवळजवळ नव्हतीच. जेवढी प्रिंट हवी तेवढीच निगेटिव्ह. वॉटकिन्सला मोठे फोटो हवे होते, म्हणून त्याने १८ बाय २२ इंचांची काच मावेल असा प्रचंड कॅमेरा बनवून घेतला. वर्तमानपत्राच्या उघड्या पानाएवढ्या काचा डोंगरात न्यायच्या, तंबूत अंधार करून त्यांच्यावर रसायन चढवायचं, ओली असतानाच काच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळायच्या आत परत तंबूत येऊन धुवायची. एवढं करून काच परतीच्या वाटेवर फुटली तर संपलं. अशा साधारण तीस मोठ्या निगेटिव्ह तो धडपणे घेऊन आला.

आता खरी गंमत बघा. हे फोटो १८६२ च्या डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कला ब्रॉडवेवरच्या गूपिल गॅलरीत लागले. अमेरिकेत तेव्हा यादवी युद्ध चालू होतं. दोनच महिने आधी, त्याच ब्रॉडवेवर, मॅथ्यू ब्रेडीच्या गॅलरीत अँटीटमच्या रणांगणावरच्या मृतदेहांचे फोटो लागले होते. त्याच रस्त्याने जाणाऱ्यांना आता शांत पाणी, तीन हजार फुटांचा सरळसोट कडा आणि माणसाचा मागमूस नसलेली दरी दिसली. पूर्वेकडच्या अनेकांनी योसेमिटी बघितलं ते असं, भिंतीवर.

दीड वर्षात, ३० जून १८६४ रोजी, अब्राहम लिंकनने एका कायद्यावर सही केली. योसेमिटीची दरी आणि शेजारची मॅरिपोसाची महावृक्षांची राई लोकांसाठी कायमची राखून ठेवायची, या अटीवर कॅलिफोर्निया राज्याला दिली गेली. आजच्या राष्ट्रीय उद्यानांच्या कल्पनेची मुळं इथे आहेत. एकट्या फोटोंनी कायदा झाला असं म्हणणं भाबडेपणाचं ठरेल, पण ज्यांनी ती दरी कधीच बघितली नव्हती त्यांच्यासाठी हे फोटोच तिची ओळख होते.

पुढे १८६७ मध्ये पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात वॉटकिन्सला पदक मिळालं. १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने सॅन फ्रान्सिस्कोच्या ऐन बाजारात, माँटगोमेरी स्ट्रीटवर, स्वतःची 'योसेमिटी आर्ट गॅलरी' थाटली. जागा हेरून घेतलेली होती. समोरच लिक हाऊस हे शहरातलं बडं हॉटेल. बाहेरगावचा प्रवासी हॉटेलातून बाहेर पडला की रस्ता ओलांडून थेट योसेमिटीत! आजच्या आर्ट वॉकमागचं गणित याहून फार वेगळं नाही. माणूस मुद्दाम येत नाही, तो तसाही तिथून जातोय, त्याला थांबवायचं.

पण दुकान कर्जावर उभं होतं. ऑगस्ट १८७५ मध्ये बँक ऑफ कॅलिफोर्निया कोसळली, बाजार थंडावला, आणि थोड्याच काळात गॅलरी देणेकऱ्याच्या ताब्यात गेली. नुसती जागा गेली नाही, निगेटिव्हसुद्धा गेल्या. आयझेया टेबर नावाचा फोटोग्राफर मग त्याच निगेटिव्हवरून प्रिंट काढून विकायला लागला, खाली स्वतःचं नाव छापून. फोटो वॉटकिन्सचे, नाव टेबरचं.

वॉटकिन्स तेव्हा पंचेचाळिशी ओलांडलेला. त्याने काय केलं? पुन्हा कॅमेरा उचलला आणि त्याच जागी जाऊन तेच डोंगर पुन्हा टिपले. या फोटोंना त्याने नाव दिलं 'न्यू सीरिज'. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं, तर सगळा कोड गेला आणि गड्याने पहिल्या ओळीपासून परत लिहायला घेतला.

यश मात्र परत आलं नाही. नजर अधू होत गेली. १८९० च्या दशकात काही काळ तो कुटुंबासह आगगाडीच्या एका जुन्या डब्यात राहत होता. तरुणपणापासूनचा मित्र, रेल्वेसम्राट कॉलिस हंटिंग्टन, त्याने शेवटी एक छोटं शेत त्याच्या नावावर करून दिलं.

तरी हाताशी आयुष्यभराचा संग्रह होता, आणि तो घेण्याबद्दल स्टॅनफर्डशी बोलणी चालू होती. १८ एप्रिल १९०६ च्या पहाटे सॅन फ्रान्सिस्कोत भूकंप झाला. मागोमाग आग. स्टुडिओ जळाला, निगेटिव्ह, प्रिंट, कागदपत्रं सगळं गेलं. टेबरकडचा साठाही त्याच आगीत संपला. जवळजवळ आंधळा झालेल्या म्हाताऱ्या वॉटकिन्सला धरून रस्त्यातून नेत असतानाचा एक फोटो आहे, तो बघवत नाही. १९१० मध्ये त्याला नापाच्या मनोरुग्णालयात ठेवलं आणि १९१६ मध्ये तिथेच तो गेला.

मग आज आपल्याला वॉटकिन्स दिसतो कसा?

कारण जे विकलं गेलं होतं, ते वाचलं. ब्रॉडवेवर किंवा माँटगोमेरी स्ट्रीटवर भिंतीवरून उतरून कुणाच्या बैठकीत, कुणाच्या अल्बममध्ये, कुठल्या ग्रंथालयात गेलेल्या प्रिंट शहर जळताना शहरात नव्हत्या. २०११ मध्ये गेटी संग्रहालयाने त्याच्या मोठ्या आकाराच्या फोटोंची सूची ग्रंथरूपात काढली, तिच्यात १,२७३ फोटोंची नोंद आहे. स्वतःच्या कपाटात जपलेलं राख झालं. अनोळखी लोकांनी पैसे देऊन घरी नेलं, तोच त्याचा बॅकअप ठरला.

म्हणून मंडळी, तुम्ही आर्ट वॉकला फोटो लावत असाल तर किती जणांनी बघितलं याची मोजदाद करत बसू नका. एखादी छोटी प्रिंट परवडेल अशा किमतीला ठेवा. तिच्या मागे तुमचं नाव, जागा आणि वर्ष स्वच्छ अक्षरात लिहा. टेबरची गोष्ट आठवली की ते का हे कळेल. आणि प्रेक्षक म्हणून गेलात, एखाद्या डोंगरापाशी पाय थांबला आणि खिशाला झेपत असेल, तर ती प्रिंट घरी घेऊन या. तुमच्या भिंतीवर ती किती वर्षं टिकेल आणि उद्या कुणाच्या कामी येईल, हे आज ना तुम्हाला सांगता येणार, ना फोटो काढणाऱ्याला.

आजच्यापुरतं इतकंच. भेटूया पुढच्या भागात.